नाशिककडील पाद्री : त्यांचे हाल व त्यांचे कागद

कळवण तालुक्यांत जुनीं दप्तरें पाहत हिंडणाऱ्यास एक अनुभव बहुधा येतो. वाड्याचा धनी माळ्यावरून बस्ता खालीं काढतो, रुमालाची गांठ सोडतो, आणि इनामाचे, वसुलाचे, घेण्यादेण्याचे कागद एकामागून एक पुढें ठेवून झाल्यावर म्हणतो, "साहेबाचे कागद हवे असतील तर तेही आहेत." साहेब म्हणजे कलेक्टर किंवा त्याचा असिस्टंट, ही त्याची समजूत पक्की असते. परंतु एकोणिसाव्या शतकांत या मुलखांतून आणखी एका प्रकारचा साहेब हिंडत होता. त्याच्यापुढें पट्टेवाला नसे, त्याची रसद पुरविण्याविषयीं पाटलास हुकूम नसे, आणि रात्र पडली म्हणजे धर्मशाळा, चावडी किंवा देवळाची ओसरी जें मिळेल तेथें तो अंग टाकी. हा पाद्रीसाहेब प्रस्तुत लेखकानें पाहिलेल्या बस्त्यांतून सहसा भेटत नाहीं. उलट त्याच्या स्वतःच्या बाजूचे कागद विपुल आहेत. पण ते बोस्टन, लंडन, एडिंबरो येथें छापले गेले व तेथेंच वाचले गेले. या कागदांचा उपयोग आपल्या प्रांताच्या इतिहासास करावा काय, आणि करावा तर कोणत्या रीतीनें, एवढाच येथें प्रश्न आहे.

या बाबतींत आपल्याकडे दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, पाद्र्यांचें लिहिणें म्हणजे धर्मप्रचार. तें साधन म्हणून हातींही धरूं नये. दुसरा पक्ष इंग्रजींत छापलें म्हणून तें सगळेंच प्रमाण मानतो. बखरींच्या बाबतींत या दोन्ही चुका आपण पूर्वीं करून चुकलों आहों. बखरकार धन्याच्या पराक्रमाचे आंकडे फुगवितो, पण मुक्काम कोठें पडला व नदीला पाणी किती होतें हें लिहितांना त्याला खोटें बोलण्याचें कारण नसतें. पाद्र्याच्या पत्रासही हाच नियम लावला पाहिजे. अमेरिकन बोर्ड ही संस्था १८१० सालीं स्थापन झाली. तिचें मासिक 'मिशनरी हेरल्ड' हें वर्गणीदारांच्या हातीं पडे. तें वाचून वर्गणी वाढावी हा हेतु उघड होता. म्हणून श्रोते किती जमले, ते कसे निरुत्तर झाले, हे मजकूर चाळणींतून काढून घ्यावेत. परंतु त्याच पत्रांत ताप आला, औषध संपलें, ओढा उतरेना, मूल दगावलें, अशा ओळी येतात. हाल वर्णन करूनही वर्गणी मिळते हें खरें. यास्तव विशेषणें सोडून द्यावीं. घटका, जागा आणि वस्तु यांवर मात्र बहुतेक भरंवसा ठेवतां येतो, असें माझें मत आहे. तें एका प्रकरणावरून तपासून पाहूं.

नाशिक प्रांतांतील या जातीचें पहिलें मोठें प्रकरण गॉर्डन हॉल याचें. हा अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतचा, जन्म १७८४. १८१२ च्या फेब्रुवारींत तो फिलाडेल्फियाहून जहाजावर चढला. कलकत्त्यास उतरतांच कंपनी सरकारनें परत जाण्याविषयीं हुकूम केला. सॅम्युएल नॉट या सोबत्यासह तो १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस आला, तों तेथेंही तेंच. इंग्लंड व अमेरिका यांत तेव्हां युद्ध जुंपलें होतें, आणि कंपनीस पाद्री नकोच होते. त्यांतून हे तर शत्रूच्या देशचे. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यानें त्यांस विलायतेस रवाना करण्याचें ठरविलें, तेव्हां दोघे गुपचूप जहाजांत बसून कोचीनकडे निघून गेले. तेथून त्यांस धरून परत मुंबईस आणलें. अखेर राहण्याची परवानगी मिळाली ती १८१३ च्या नव्या सनदेनंतर. ज्यांच्या पाठीशीं सरकारचा हात होता असें आपण गृहीत धरतों, त्यांचा आरंभ हा असा सरकारला चुकवून पळण्यांत झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मुंबईंत या मंडळींनीं छापखाना घातला व १८१७ पासून मराठी पुस्तकें बाहेर पडूं लागलीं. हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्यासारख्यांस या छापखान्याविषयीं प्रेम वाटावें किंवा नाहीं, हें सांगणें कठीण. गणपत कृष्णाजी यांस छापण्याची ओढ लागली ती हाच छापखाना पाहून, आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी यांनीं उमेदवारी केली तीही येथेंच. पोथ्या उतरून घेणाऱ्या लेखकांचा धंदा बसला त्याचें एक मूळ येथें आहे. आणि ज्या पोथ्या आज आपणांस छापील स्वरूपांत मिळतात त्यांचेंही.

या मंडळींच्या जमाखर्चांत मृत्यूचें कलम मोठें आहे. सॅम्युएल न्युएल १८२१ सालीं मुंबईंत पटकीनें गेला. ठाण्याचा निकल्स १८२४ सालीं, फ्रॉस्ट १८२५ सालीं. हॉलची बायको मार्गरेट ही मुलांच्या प्रकृतीस्तव १८२५ मध्यें दोन मुलगे घेऊन अमेरिकेस निघाली. त्यांतला थोरला वाटेंतच गेला. अशा वेळीं हॉल मुंबईंत मराठी 'नव्या करारा'च्या कामांत होता. तें भाषांतर १८२६ सालीं पुरें झालें, पण तत्पूर्वीं मार्चच्या आरंभीं तो दोन ख्रिस्ती मुलगे बरोबर घेऊन घांटावर चढला.

त्या वेळचा नाशिकचा रस्ता थळ घांटाचा. कसारा ते इगतपुरी आगगाडी धांवूं लागली ती १८६५ सालीं. तोंपर्यंत पायीं किंवा तट्टावर हाच मार्ग. हॉल नाशिकास पोंचला तेव्हां गांवांत पटकीनें कहर केला होता. हा रोग बंगालांतून १८१७ सालीं फैलावला, दुसऱ्याच वर्षीं मुंबईस आला, आणि पुढें यात्रा व लष्कर यांच्या वाटेनें दक्षिणभर फिरत राहिला. आपल्या लोकांनीं त्यास वाखा, महामारी अशीं नांवें दिलीं, आणि मरीआईचा गाडा शिवेपार घालवून दिला म्हणजे रोग जातो असें मानिलें. युरोपीय वैद्य कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा एक क्षार व अफूचा अर्क देत. आजच्या ज्ञानानें पाहतां दोहोंतही फारसें अंतर नव्हतें. रोगाचें बीज पाण्यांतून पसरतें हें लंडनच्या स्नो यानें १८५४ त दाखविलें, आणि तो जंतु कॉख यानें १८८३–८४ त ओळखून काढला. रोग्याच्या शरीरांतील पाणी व क्षार भरून काढावे, हा खरा उपाय दोन्ही पक्षांस ठाऊक नव्हता.

हॉलनें नाशिकांत पुस्तकें वांटलीं आणि औषधही वांटलें. औषधाचा सांठा जवळजवळ संपला तेव्हां तो परतीस लागला. १९ मार्चच्या रात्रीं तो एका खेड्यांत आला. इंग्रजी कागदांत या गांवाचें नांव दुर्ली धापूर असें दिसतें. तेथें एका देवळाच्या ओसरीवर त्यानें अंथरूण टाकलें. पहांटे चारच्या सुमारास त्याला पटकी झाली. राहिलेलें थोडें औषध त्यानें घेतलें, तें पोटांत ठरलें नाहीं. आपण जगत नाहीं हें त्यानें मुलांस सांगितलें, व सुमारें आठ तासांनीं, सोमवार ता. २० मार्च १८२६ रोजीं, तो तेथेंच वारला. पेटी मिळाली नाहीं. घोंगडींत गुंडाळून त्या दोन मुलांनीं त्याला पुरलें.

आतां या हकीकतीचा पुरावा पाहा. अखेरच्या आठ तासांचे साक्षीदार दोनच; ते हे मुलगे. त्यांनीं मुंबईस येऊन जें सांगितलें तें तेथील पाद्र्यांनीं इंग्रजींत उतरून अमेरिकेस धाडलें. होरेशिओ बार्डवेल यानें हॉलचें चरित्र १८३४ सालीं प्रसिद्ध केलें. पण बार्डवेल हा हॉलच्या मृत्यूपूर्वींच मुंबई सोडून स्वदेशीं गेला होता, म्हणजे त्याचीही मदार या कागदांवरच. त्यांत मरणाऱ्याच्या तोंडीं देवस्तुतीचे शब्द घातले आहेत. ते त्यानें उच्चारले नाहींत असें मी म्हणत नाहीं. परंतु मुलांच्या तोंडून पाद्र्यांच्या कानीं, तेथून कागदावर, व कागदावरून ग्रंथांत असा त्यांचा प्रवास झाला आहे, आणि या सर्वांस तसेच शब्द ऐकण्याची इच्छा होती. पहांटेची वेळ, देवळाची ओसरी, संपलेली औषधाची बाटली, पेटीवांचून दफन, यांचें तसें नाहीं. देवळाच्या ओसरीवर मरण आलें हें तर वर्गणीदारांस सांगण्यास अडचणीचेंच. कोणी रचून सांगेल अशी ही गोष्ट नव्हे. म्हणून तीच सर्वांत खरी.

आणि हीच गोष्ट आपल्या इतिहासाच्या दृष्टीनें मोलाची आहे. तिथी पाहिली तर ते फाल्गुन शुद्धाचे शेवटचे दिवस, शके १७४७. होळी दोन-तीन दिवसांवर आलेली. आसपास महामारी. अशा वेळीं रात्रीं एक परधर्मी, परदेशी मनुष्य देवळाच्या ओसरीवर येऊन निजतो, आणि त्यास कोणी उठवीत नाहीं. पहांटे त्याच रोगानें तो पछाडला जातो, तरी दुपारपर्यंत तो तेथेंच आहे. शेवटीं त्याच गांवच्या मातींत त्याला जागा मिळते. यांत गांवकऱ्यांची दया किती, भीति किती, आणि वाटसरूस ओसरी मोकळी असावी या जुन्या रीतीचा भाग किती, हें इंग्रजी कागद सांगत नाहींत. त्यांची नजर मरणाऱ्याकडे होती. मला स्वतःस रीत हाच बळकट धागा वाटतो. देवळाची ओसरी ही देवाची खरी, पण गांवच्या व्यवहारांत ती पांथस्थाची. तेथें उतरणाऱ्याची जात गाभाऱ्याच्या उंबऱ्यापुढें विचारली जाई, अलीकडे तितकी काटेकोर नसे. पाद्री ज्या मूर्तीविरुद्ध दिवसा बोलत, तिच्याच छपराखालीं रात्र काढीत, ही विसंगति त्यांच्या पत्रांतून जागोजाग दिसावी इतकी नित्याची होती.

मार्गरेट हॉल हिला ही बातमी अमेरिकेंत कळली. शिडाच्या जहाजानें पत्र जावयास कित्येक महिने लागत. म्हणजे नवरा मातींत गेल्यावरही कांहीं महिने ती त्याच्या नांवें पत्रें लिहीत असली पाहिजे. तिचा वांचलेला धाकटा मुलगा बापाचेंच नांव लावून पुढें तिकडे उपदेशक झाला.

हॉलनंतर सहा वर्षांनीं, १८३२ त, इंग्रजांच्या चर्च मिशनरी सोसायटीनें नाशिकांत ठाणें घातलें. तेथें येणाऱ्यांत चार्ल्स पिनहॉर्न फॅरर होता. त्याच सालीं अहमदनगरास नव्यानेंच आलेला अमेरिकन हर्व्ही पटकीनें मेला, यावरून नाशिकास बिऱ्हाड थाटणें म्हणजे काय होतें याची कल्पना येईल. फॅररचा मुलगा फ्रेडरिक मुंबईस १८३१ त जन्मला. तो तीन वर्षांचा होतांच त्याला विलायतेस मावशांकडे धाडलें. पुढें तो कँटरबरीचा डीन व नांवाजलेला ग्रंथकार झाला. पाद्र्यांच्या घरांतील ही नित्याची रीत होती: मूल येथें ठेवावें तर जगेल याचा नेम नाहीं, तिकडे पाठवावें तर आईबापांस ओळखील याचा नेम नाहीं. घरच्या या दुःखाविषयीं पत्रांतून ओळ दोन ओळींपलीकडे लिहिलेलें आढळत नाहीं, आणि त्याचमुळें त्या ओळी वाचनीय असतात.

विल्यम सॉल्टर प्राइस यानें १८५४ सालीं नाशिक शहराबाहेर शरणपूर वसविलें. आज तें नांव नाशिकांतील गजबजलेल्या रस्त्यास उरलें आहे. तेव्हां तें निराळें खेडें होतें. तेथें अनाथ मुलें व समुद्रावर गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें ठेवीत आणि सुतारकी, लोहारकी वगैरे शिकवीत. या मुलांच्या नांवांविषयीं थोडें विषयांतर करतों, कारण शिलालेख वाचणाऱ्यांस त्यांत गोडी वाटेल. मुलांस पाद्र्यांचीं आडनांवें देत. डॉ. लिव्हिंग्स्टन १८६५ सालीं मुंबई इलाख्यांत आला असतां त्यानें येथून नऊ तरुण बरोबर नेले. त्यांत एक सायमन प्राइस, दुसरा रिचर्ड आयझेनबर्ग. हें आयझेनबर्ग नांव ज्याचें, तो जर्मन पंडित पूर्वीं हबसाणांत होता, त्यानें अम्हारी भाषेचा कोश १८४१ त छापला, व तेथून हांकलला गेल्यावर तो मुंबईस आला. त्याचें नांव धारण करणारा हा आफ्रिकी मुलगा नाशिकास शिकून परत आफ्रिकेंत गेला आणि १८६६ सालीं त्याच प्रवासांत वारला. पुढें १८७३ त लिव्हिंग्स्टन मेला तेव्हां त्याच्या जवळच्या माणसांत केरस फॅरर होता, आणि झाडाच्या खोडावर मृत्यूचा लेख कोरणारा जेकब वेनराइट हाही नाशिकच्या शाळेंतलाच. फॅरर, प्राइस, आयझेनबर्ग ह्या तीन नांवांवरून नाशिकच्या मिशनची अर्धी वंशावळ लावतां येते, आणि तीही आफ्रिकेच्या अरण्यांतून! १८७४ नंतर येथील आफ्रिकी मंडळी मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनला नेण्यांत आली. प्राइस स्वतः तिकडे गेला.

पटकीचें झालें, आतां पाण्याचें एक उदाहरण. तें नाशिकचें नव्हे, नागपूरचें आहे. परंतु संशोधकांच्या वर्गांतील एक मनुष्य त्यांत गेला म्हणून तें सोडवत नाहीं. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉच पाद्री १८४५ पासून नागपुराकडे होता. शाळा चालवून उरलेल्या वेळांत तो दगड फोडी, जीवाश्म जमवी, आणि गोंडांचीं गाणीं व रीती उतरून घेई. ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं तो रिचर्ड टेंपल याच्यासह टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहावयास गेला होता. परततांना तो मागें राहिला. सकाळीं जो ओढा सहज उतरला होता तो पावसाच्या पाण्यानें संध्याकाळीं फुगला होता. घोडा एकटाच परत आला. सप्टेंबरांत ओढा उतरण्यापूर्वीं गांवच्या माणसास विचारावें, एवढी गोष्ट अठरा वर्षें या देशांत राहिलेल्या विद्वानासही त्या दिवशीं साधली नाहीं. त्याच्या मागें राहिलेलीं गोंडांविषयींचीं टांचणें टेंपलनें १८६६ त छापून काढलीं म्हणून तीं आज आहेत. धर्माच्या वादांत त्यानें खर्चिलेले शब्द आज कोणी उघडून पाहत नाहीं. ओढ्याकांठच्या खेड्यांतून उतरून घेतलेलीं गाणीं अभ्यासकांस अजून लागतात.

आतां कळवणकडे वळूं. हॉलच्या प्रकरणांत आपली बाजू रिकामी आहे असें वर म्हटलें. ती भरावयाची असेल तर कोठें शोधावें, याविषयीं दोन गोष्टी संग्राहकांस सुचवितों. पहिली, मुलखाच्या वांटणीची. नाशिक हा जिल्हा १८६९ सालीं झाला. १८२६ त नाशिककडील गांवें अहमदनगरच्या कलेक्टराखालीं होतीं, आणि कळवण ज्या बागलाणांत मोडे तें खानदेशांत होतें. स्वतंत्र पोटविभाग म्हणून कळवण १८८३ च्या गॅझेटियरांत दिसतो. म्हणून आजच्या जिल्ह्यावरून दप्तर ठरवूं नये. सप्तशृंगाच्या चैत्री यात्रेस दोन्ही कलेक्टऱ्यांतील लोक जात. रोगही त्याच वाटांनीं जाई. आणि यात्रा जेथें तेथें पाद्री पुस्तकें घेऊन हजर. यात्रेच्या बंदोबस्ताचे कागद एका दप्तरांत मिळाले नाहींत तर दुसऱ्यांत पाहावेत.

दुसरी गोष्ट शब्दांची. गांवचा कुळकर्णी पाद्र्याचें नांव लिहिणार नाहीं, आणि लिहिलें तर आपणांस ओळखूं येणार नाहीं. 'टोपीवाला', 'फिरंगी', 'पादरी', किंवा नुसतें 'साहेब वाटसरू' असे शब्द पाहावेत. गांवखर्चाच्या यादींत खणणावळ, सरपण, घोंगडी अशा किरकोळ कलमांवर नजर ठेवावी. रोजकीर्दींत पटकीच्या दिवसांची मर्तिकें पाहावीं. काळ शोधतांना फसली १२३५, किंवा सु॥ सीत अशरीन मयातैन व अलफ, यांतील फाल्गुन मास धरावा. दुर्ली धापूर हें नांव इंग्रजी कानानें ऐकून लिहिलेलें आहे. तें कोणत्या गांवाचें किंवा कोणत्या दोन गांवांचें जोडनांव, हें जुन्या गांवझाडतीवरूनच लावावें लागेल.

कुळकर्ण वतनें १९५१ पासून बंद झालीं आणि तेव्हांपासून हीं दप्तरें सरकारचीं नव्हेत व घरालाही नकोशीं झालीं आहेत. मागें एका घरीं मी पावसाळ्यानंतर गेलों. गृहस्थांनीं फार अगत्यानें बस्ता आणला. कौल फुटून पाणी त्यावर सारा श्रावण गळत होतें. रुमाल सोडला तों आंत कागद नव्हते, कागदांची एक वीट होती. कडेच्या दोन बंदांवर वाळूचे कण व मोडीची एक ओळ तेवढी शाबूत होती. ओळींत 'वाटसरू उतरला' इतकीं अक्षरें लागलीं. पुढचीं लागलीं नाहींत.